ज्या सकाळी ट्रक सुरू होईना

देवाचे अनुभव लिहिणारा मी माणूस नव्हे. मी पत्रकं लिहितो. रुग्णवाहिका द्या, डॉक्टर द्या, रस्ता द्या, अशी. माझ्या एका पत्रकाचं शीर्षकच होतं, ‘देवाला गाऱ्हाणं नको, सरकारला जाब विचारा’. गाऱ्हाणं म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात एकाने सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्या आवाजात मांडलेली विनवणी. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मला ते ऐकलं की डोकं उठायचं. देवापुढे अख्खा गाव एका सुरात हो म्हणतो आणि साहेबापुढे एकाची जीभ उचलत नाही, ही कसली भक्ती? हा राग माझ्यात अजून आहे. तरीही गेल्या महाशिवरात्रीला जे घडलं ते लिहून ठेवलं नाही, तर खोटेपणा होईल.

आमची वाडी मिठबाव गावाच्या आतल्या अंगाला. रस्ता वाडीत येतो आणि तिथेच संपतो. बाबांच्या मागे घर चालतं ते त्यांच्या जुन्या डिझेल ट्रकवर. मी त्यातून बांधकामाचे चिरे वाहतो. तो ट्रक काही आठवड्यांपासून सकाळी सुरू व्हायला त्रास देत होता. आधी मी बॅटरीला दोष दिला. मग स्टार्टरला. मग म्हटलं, इंजिनाचं वय झालं, थंडीत कुरकुरणारच. उपाय मात्र सगळ्या वाडीचा जो, तोच माझा: रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावायची, सकाळी सोडून द्यायची, वेग आला की क्लच सोडायचा. उतार संपता संपता इंजिन पकडायचं. रोज पकडतंय म्हटल्यावर आत काय बिघडलंय हे कोण बघतो? आई म्हणायची, “उतार आसा म्हणान तुझो ट्रक आसा. सपाटेक ऱ्हवतो, तर कधीच भंगारात गेलो असतो.”

त्या सकाळी आई उपासाचे साबुदाणे पाखडत होती. सूप हातातून निसटलं. मी वळून पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. शेजारची काकी माझ्या हाकेने धावत आली. “अरे, तोंड वाकडा झाला तिचा! काय तरी कर रे!” अर्धांगाच्या झटक्यात वेळ किती मोलाची असते, हे मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. फोन लावला. उत्तर आलं, रुग्णवाहिका कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत उभी आहे, रस्ता मोकळा झाला की पाठवतो. मी फोनवर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वाडीतली एकूण एक गाडी पहाटेच यात्रेला गेलेली. रिक्षावाल्याचा फोन वाजत राहिला. देवळापाशी समुद्राच्या वाऱ्यात आणि लाउडस्पीकरच्या गोंगाटात त्याला तो काय ऐकू येणार! राहिला माझा ट्रक.

मी आणि काकीने आईला उचलून केबिनमध्ये निजवलं. काकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी उतारावरून गाडी सोडली, क्लच सोडला. गाडी नुसती गचके देत खाली गेली. पुन्हा क्लच, पुन्हा गचका. उतार संपला, शेताच्या कडेला सपाट जागेवर ट्रक थांबला आणि इंजिन गप्पच. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मी फिरवतच राहिलो, दातओठ खात, स्टीअरिंगवर मुठी आपटत. प्रत्येक वेळी स्टार्टरचा आवाज आणखी थकलेला. काकी ओरडली, “अरे, त्या ट्रकाचो जीव घेतलंस! बॅटरी मरतली!” तिचं खरं होतं. आईच्या घशातून घरघर येत होती. मी खाली उतरलो आणि चाकाला लाथ मारली. एवढंच काय ते माझ्या हातात उरलं होतं.

तेवढ्यात रस्त्याने एक माणूस आला. अनवाणी, पांढरं धोतर, पांढरी बंडी, खांद्याला पिशवी. नवस फेडायला आतल्या गावाहून चालत कुणकेश्वरला निघालेला आणि फाट्यावर चुकून आमच्या वाडीकडे वळलेला. “कुणकेश्वराची वाट हीच मां, रे बाबा?” मी खेकसलो, “पुढे वाट नाही. मागे फिरा.” त्याने केबिनमध्ये पाहिलं, त्याच्या सगळं लक्षात आलं. तो मागे फिरला नाही. “ढकलूया?” म्हणत ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, बरोबर सायलेन्सरच्या तोंडापाशी. मी पुन्हा केबिनमध्ये चढलो. सवयीने ओरडलो, “तिथून बाजूला व्हा, कपडे काळे होतील!” आणि किल्ली फिरवली. तो तिथूनच म्हणाला, “फिरव तू. माझ्या कापडांक काय होवचा नाय. हयसून धूरच येणा नाय.”

धूरच येत नाही! माझा हात किल्लीवर थांबला. इंजिन फिरतंय आणि पांढरा धूरसुद्धा नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाबांनी शिकवलेली ती पहिली गोष्ट. पण मी इतका वेळ नुसता किल्लीशी भांडत होतो, मागे वळून बघितलंच नव्हतं. त्या माणसाला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो आपल्या पांढऱ्या कपड्यांबद्दल बोलला होता.

पाना घेऊन मी डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि इंजिनाजवळचा, डिझेल वर ओढायचा हातपंप मारू लागलो. नुसती हवा फुसफुसत होती. पंपाचा दांडा बोटाएवढा, हात घामाने निसटत होते. तो माणूस माझ्या बाजूला आला, कुणकेश्वराच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं घालू लागला. “बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा! ही माउली आज ह्या गाडयेत निजलीसा, तिका सुखरूप पोचती कर. ह्या लेकराच्या हाताक यश दी. वाटेत काय आडवा येयत, ता भायर काढ रे म्हाराजा!” केबिनमधून काकी रडत म्हणाली, “व्हय म्हाराजा.” आणि माझ्याही तोंडून तेच निघालं. तो पुढे म्हणत गेला, मी पंप मारत गेलो आणि व्हय म्हाराजा म्हणत गेलो. स्क्रूपाशी आधी फेस आला. मग फेस विरळ झाला. मग बुडबुड्यांशिवायची, स्वच्छ धार आली. मी स्क्रू आवळला. बॅटरीत एका खेपेपुरतीसुद्धा ताकद उरली असेल का, माहीत नव्हतं. किल्ली फिरवली. स्टार्टर रखडत, कण्हत फिरला, आणि इंजिनाने पकडलं.

ढकलायला तो पुन्हा ट्रकमागे गेला होता; आरशात मला तो खोकताना दिसला, पांढरी बंडी काजळीने माखलेली. तो हसत हात हलवत होता: जा, जा! नाव विचारायचं राहिलं.

आईला रुग्णालयात पोचवल्यानंतर पाहिलं, टाकीकडून येणारा रबरी पाइप आवळायच्या पट्टीखाली चिरला होता. बाहेर डिझेलचा थेंब नाही, पण रात्रभर हवा आत ओढायचा. उतारावर गाडी लांबवर घरंगळायची, तेवढ्यात पंप कसंबसं डिझेल वर खेचायचा, म्हणून दुखणं झाकून राहिलं; त्या सकाळी मात्र चीर वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं; लवकर आणलं असतं तर उजवी बाजू वाचली असती. दोन्ही वाक्यं मी घरी घेऊन आलो. आई जगली. तिचा उजवा हात गेला, बोलणंही बरंचसं गेलं. कित्येक दिवस मी देवाला विचारत होतो, पोचवायचंच होतं तर अर्धंच का? आजही विचारतो. रुग्णवाहिकेसाठी मी अजूनही पत्रकं काढतो, आणि त्यांची भाषा मुळीच मऊ झालेली नाही. फक्त माझ्या जोरावर सगळं चालतं, हा माज उतरलाय. जे हाताने आवळता येतं ते आवळायचं, आणि त्यापुढे हात जोडायचे, एवढं शिकायला मला आईचा एक हात द्यावा लागला.

परवा सकाळी ती पहिल्यांदा देवघरापर्यंत भिंत धरून गेली. जन्मभर तिने डाव्या हाताने देवाला काही वाहिलं नव्हतं, आम्हालाही वाहू दिलं नव्हतं. जास्वंदीचं फूल डाव्या हातात घेऊन ती थबकली. मग माझ्याकडे पाहिलं, लाजल्यासारखं. तिने त्याच हाताने फूल वाहिलं. ते घरंगळलं. तिने उचलून पुन्हा वाहिलं, आणि देवाने ते ठेवून घेतलं.