छातीतला मर्मर

आमच्या भागात इंग्रजीचा मास्तर म्हणजे बिनपगारी दुभाषी. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, मोटारीच्या खोक्यातला कागद, कुणाच्या मोबाइलवर आलेला मेसेज, सगळं माझ्यापुढं येऊन पडतं. मास्तरनं अर्थ सांगितला की अर्धं काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं काही होत नसतं, हे सांगून सांगून मी थकलो. निवृत्ती जवळ आली, तरी कडेगावच्या बाजारात पिशवी घेऊन निघालो की कुणीतरी आडवा येतोच.

त्या दिवशी भाच्याचा फोन आला. तो सैन्यभरतीच्या मेडिकलला गेला होता.

"मामा, मर्मर म्हंजे काय?"

मी चहा घेत होतो. वर्गातल्या सवयीनं सांगून टाकलं, "पुटपुटणं. कुजबूज. ओढ्याची झुळझुळ. पाचोळ्यातनं वारा गेल्यावर होतो तो आवाज."

तो म्हणाला, "डाक्टर म्हंत्यात, माज्या काळजात हाय. अनफिट केलं मला."

हा माझ्या अक्काचा एकुलता एक. दाजी तोफखान्यातनं हवालदार होऊन परत आलेले, त्यांचे वडीलही फौजेतलेच. घरचा ऊस भावकीनं बघायचा आणि घरातल्या पुरुषानं वर्दी घालायची, एवढंच त्या घराला ठाऊक. पोरगं दिवस उगवायच्या आधी विट्याच्या रस्त्याला पळायला असायचं. वय संपत आलेलं, ही शेवटची भरती. लेखी परीक्षा निघाली, पळण्याचं ग्राउंडही निघालं.

आणि इथंच आम्ही आमच्या भागाला शोभेलशी चूक केली. ग्राउंड मारलं की पोरगं फौजेत गेलं, असंच आमच्याकडं धरतात. मेडिकलमध्ये काय, दात मोजायचे, छाती फुगवायची. मित्रांनी स्टँडवर फ्लेक्स लावून टाकला. कॉम्प्युटरवर वर्दी चढवलेला फोटो, खाली मानाचा मुजरा. मजकूर माझाच. मास्तर ना मी! अक्कानं पेढे वाटले. आता बातमी फुटल्यावर तो फ्लेक्स उतरवायला कुणी पुढं होईना. जो शिडी लावणार त्याच्याकडं सगळं गाव बघत बसणार.

अशा वेळी लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात फेरतपासणी मागता येते. दाजींचा सगळा जीव आता तिच्यात अडकला. त्याआधी मिरजेला काळजाच्या डॉक्टरला दाखवून घ्यावं असं ठरलं. गाडी केली. पुढं भाचा ड्रायव्हरशेजारी, मागं दाजी, अक्का आणि मी.

तासगाव गेलं तेव्हा दाजी म्हणाले, "ह्यो शबूद आला कुटनं, मास्तर?"

तोफांनी दाजींचे कान केव्हाच खाल्लेत. त्यांच्याशी बोलायचं तर शिवारात हाक मारावी तसं बोलावं लागतं. कुजबूज म्हणजे काय, हे मी गाडीभर ओरडून सांगू लागलो. म्हटलं, हा शब्द कुणी मुद्दाम घडवलेला नाही. ओठ मिटून उघडून जो आवाज होतो, तोच दोनदा काढला की झाला. लॅटिनमध्ये असाच आहे. संस्कृतात वाळल्या पानांच्या आवाजाला मर्मर म्हणतात, तोही तसाच. इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता कुरकूर, तक्रार. पाण्याला आणि वाऱ्याला तो मागनं चिकटला. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकायला लागले तेव्हा कुठं तो काळजात शिरला.

"कुरकूर?" दाजी म्हणाले. "माज्या पोरानं आजपातूर कसली कुरकूर केली न्हाई."

ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं बघितलं. भाचा खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा बघत होता. दरवर्षी वर्गात हा शब्द मी चवीनं शिकवायचो, पोरांना ओठ मिटून तो म्हणायला लावायचो. त्या दिवशी मला त्याचा वीट आला. एवढी सगळी माहिती माझ्याजवळ होती आणि तिचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.

डॉक्टर तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. मशीनवर बघून झाल्यावर सांगितलं की काळजाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला बारीक भोक आहे, जन्मापासूनचं. भोक बारीक म्हणूनच आवाज मोठा. पाइपातनं पाणी मुकाट जातं, तोंडावर बोट दाबलं की फसफसतं, तसं. जिवाला धोका नाही. शेती करू दे, लग्न करू दे. अधूनमधून दाखवत राहा. एकेक वाक्य मी दाजींच्या कानात ओरडत होतो.

"आन् फौज?" दाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "फेरतपासणीला जा हवं तर. तिथंही हेच सांगतील."

मी ते दाजींच्या कानात परत ओरडलो. ते उठले, डॉक्टरांपुढं ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकवा."

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून दिली. दाजींनी ती कानात घातली, पोराच्या उघड्या छातीवर चकती टेकवली, डोळे मिटले. चकती त्यांनी वर सरकवली, खाली सरकवली. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"कायबी आवाज न्हाई! साफ हाय काळीज!"

मला रडू येईल असं वाटलं. भाचा हळूच म्हणाला, "पप्पा, ऱ्हाऊ द्या आता." पण ते दाजींना ऐकू गेलं नाही. ते नळी तशीच दाबून धरून डॉक्टरांना सांगत होते, "तुमी परत बघा सायेब. तुमची मशीन चुकलीया."

अक्का इतका वेळ दाराशेजारच्या खुर्चीवर बसून होती. ती उठली. दाजींचा हात धरून तिनं बाजूला केला. नळी मागितली नाही. टेबलावर बसलेल्या त्या दांडग्या पोराच्या छातीला तिनं सरळ कान लावला आणि तशीच थांबली.

"ह्योच आवाज व्हय?" तिनं विचारलं.

डॉक्टर हो म्हणाले.

"ह्यो तर आदीपास्नं हाय. बारका हुता तवा खांद्यावर टाकून निजवायची मी, तवा रोज कानाला लागायचा."

"अगं मग कधी बोलली का नाहीस?" मी म्हणालो.

तिनं कान काढला नाही. "काय बोलू?" ती म्हणाली. "पयलंच पोर. मला वाटलं, समद्याच पोरांची काळजं अशी वाजत्यात."