लागला की मारला

माउसवरचा हात काढून पंच तो टेबलावर पालथा ठेवायचे आणि शेजारी जो असेल त्याला विचारायचे, "लागला की मारला?" शेजाऱ्याने काहीही सांगितलं तरी क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

आमचं काम सांगते, म्हणजे तुम्हालाही ते तिथे बसलेले दिसतील. ठाण्यात एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. अमेरिकन फुटबॉलच्या छोट्या क्लिपा बघून प्रश्नांची उत्तरं भरायची. त्या उत्तरांवरून म्हणे तिकडचं एक मशीन शिकणार होतं. आमच्या टीमकडे तपासायला त्या खेळाचा एकच नियम होता. कोणाच्या हातातून सुटलेला चेंडू उचलावा, त्यावर अंग टाकावं. पण हाताने फटका मारून समोरच्यांच्या गोलकडे ढकलायचा नाही. धावपळीत हात लागला तर गुन्हा नाही. स्क्रीनवर प्रश्न यायचा: मुद्दाम? खाली दोन बटणं, होय आणि नाही.

पंच कळव्याचे, पन्नाशी उलटलेले. बरीच वर्षं कबड्डीचे सामने चालवलेले, म्हणून सगळे त्यांना पंचच म्हणायचे. पहिल्या दिवशी तो निमुळता चेंडू बघून म्हणाले, "मॅडम, ही तर फणसाची कोवळी कुयरी. ही कुठेही उडणार. ह्यात माणसाचा काय दोष?" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

दिवसाला दीडशे क्लिपा ठरलेल्या. पंच नव्वदच्या पुढे जात नसत.

"पंच, दाबा ना काहीतरी," पलीकडच्या टेबलावरची मुलगी म्हणायची. "अमेरिकेत कोण रडतंय?"

"ज्याच्यावर दाबलं तो."

"तो मॅच संपवून कधीच घरी गेलाय."

"घरी गेल्यावरच रडतात गं."

टीमच्या याद्या मी ठेवते. हजेरी, चुका, वेग. चुकांच्या यादीत पंचांचं नाव एकदाही आलं नाही. वेगाच्या यादीत ते कायम शेवटचे. दोनदा त्यांना बाजूला घेऊन समजावलं. घरात कमावते ते एकटेच, हे मला माहीत होतं. तरी वरून कमी करायची तीन नावं मागितली, तेव्हा मी वेगाची यादी उघडली आणि खालची तीन उचलली. पाच मिनिटांचं काम.

निरोपही मीच दिला. पंचांनी डबा पिशवीत घातला. "बरोबर केलंत. यादी सगळ्यांना सारखी पाहिजे."

मला राहवेना. "पण एवढं काय बघत बसायचात?"

ते परत खुर्चीत बसले. आंबिवलीच्या एका सामन्यात एका पोराचं कोपर समोरच्याच्या डोळ्यावर बसलं होतं. पंचांनी 'मुद्दाम मारलं' असं लिहून त्याला बाहेर काढलं. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. मग कोणीतरी मोबाईलवर काढलेला तो प्रसंग त्यांना दाखवला. पोराला मागून ढकललं होतं, म्हणून कोपर गेलं होतं.

"चुकलो म्हणून लेखी दिलं मी. कागद फिरत राहिला, तोवर बंदी संपली. पोराचा खेळ सुटला होता. आता शहाडला रिक्षा चालवतो. मी हात केला तर थांबत नाही."

"मग दुसरी करायची ना, पंच."

"दुसरीच करतो. पण पहिला हात त्यालाच करतो."

पिशवी उचलून ते जिना उतरले.

त्यांच्या त्या दिवशीच्या राहिलेल्या साठ क्लिपा माझ्या स्क्रीनवर आल्या. पहिल्याच क्लिपमध्ये चिखलात पाचसहा जण एकमेकांवर पडलेले. त्यांच्याखालून एक हात बाहेर येतो आणि चेंडू पुढे जातो. मी ती अकरा वेळा पाहिली. माउसवरचा हात काढून टेबलावर ठेवला. पंचांची खुर्ची रिकामी होती.

अजून एकोणसाठ बाकी होत्या. मी 'होय' दाबलं.