परकारचाचांच्या कादंबरीला हुंकार

इब्राहिम परकार यांना, म्हणजे आमच्या परकारचाचांना, मी प्रथम पाहिले ते सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये, लेथवर वाकलेले. बी.ए. होऊन मी नुकतीच खेडहून बहारीनला आले होते. घरात पदवी मिळवणारी मी पहिली, म्हणून त्यांच्या हाताखाली वेल्डर असलेले माझे बाबा पेढे घेऊन मला तिथे घेऊन गेले. चाचांनी ग्रीसचे हात पुसले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ग्रॅज्युएट झालीस ना बाय? मग शुक्रवारी घरी ये. माझ्या चुका काढ."

झिंज भागातल्या त्यांच्या घरी, चाचीच्या हातचा चहा घेत, मी त्यांची अजून अपुरी असलेली कादंबरी ऐकली. तरुणपणी चाचा जहाजावर फिटर होते. बिघडलेले जहाज पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदरात अडकले, तेव्हा सॅम्युएल नावाच्या वेल्डरने त्यांना आपल्या देवांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांतून चाचांनी स्वतःची महाकथा उभी केली. माणसांच्या लढायांना विटून लोखंडाचा देव अरण्यात निघून जातो, जगातले कोयते-नांगर गंजू लागतात, आणि लोहाराची मुलगी अबेनी त्याला परत आणायला निघते. सॅम्युएलच्या गावी ऐकणाऱ्याने साद दिली नाही तर सांगणारा तिथेच थांबतो. चाचांनी तो रिवाज पाळला. "आपल्यात हुंकार देतात ना, तसंच गो. हुंकार नाय, तर गोष्ट नाय."

लिहून झालेली प्रकरणे वाचून पुण्याच्या एका प्रकाशकांनी कळवले, अरण्य सह्याद्रीतले करा, मुलगी इकडची करा, लगेच छापू. मी हरखले. चाचांनी मान हलवली. "आणि सॅम्युएल? त्याचा देव माझ्या गावचा करून टाकू? चोरी ती चोरीच, बाय." मूल्ये म्हणजे काय, हे मी कॉलेजात परीक्षेपुरते शिकले होते.

त्याच सुमारास बाबा माझ्या लग्नासाठी मला परत पाठवायला निघाले होते. चाचांनी त्यांना चारचौघांत दटावले, "पोरगी शिकवलीस ती काय शोकेसमध्ये ठेवायला? यल्ला, चल, नोकरी बघ तिला!" आणि सुट्टी टाकून स्वतः मला हूरा भागातल्या एका ऑफिसात मुलाखतीला घेऊन गेले. ती नोकरी आजही आहे.

गेल्या वर्षी आपल्या इथल्या मराठी मंडळाने हूऱ्यातल्या हॉलवर चाचांचे वाचन ठेवले. इस्त्रीचा सदरा घालून आलेल्या चाचांनी आधी हुंकाराचा रिवाज समजावला. लोक हसले. "परकार, आपले तेहतीस कोटी कमी पडले काय हो?" एकाने विचारले. "आणि हिरॉइन काळी? जरा गोरी करा की!" दुसरा म्हणाला. चाचा वाचत राहिले. अबेनी अरण्याच्या तोंडाशी येऊन देवाला हाक मारते, तिथे ते थांबले आणि त्यांनी समोर पाहिले. मी "हं" म्हटले. पण मागे कुणीतरी ओरडले, "समोसे गार होतायत!" आणि खुर्च्या सरकल्या. त्या गोंधळात माझा हुंकार त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. "खलास," म्हणत चाचांनी कागद मिटले आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या उचलू लागले. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही.

त्याच मंडळाने आज त्यांच्या साठीनिमित्त हा गुळगुळीत कागदाचा गौरवग्रंथ काढला आहे. चाचांनी मंडळासाठी केलेल्या कष्टांवर लिहावे, कादंबरी ओळीभरात आटोपावी, असे मला सुचवण्यात आले. कष्ट खरेच आहेत. पण ज्यांनी आपल्यापुढे अख्खे अरण्य उभे केले, त्यांचे आपल्याला फक्त खुर्च्या उचलणेच आठवावे, याची मला लाज वाटते.

चाचांना उदंड आयुष्य लाभो, हातांतले बळ आणि डोळ्यांतला उजेड टिकून राहो, असे इथे सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहिते. मात्र अबेनी अजून त्या अरण्याच्या तोंडाशी उभी आहे, आणि तिला पुढे नेणारे दुसरे कुणी नाही. म्हणून एक विनंती. सत्काराच्या दिवशी शाल पांघरून झाली की समोसे जरा उशिरा आणावेत. मी पहिल्याच रांगेत बसेन, आणि या वेळी मोठ्याने म्हणेन.

हं, चाचा. पुढे?