सलिमाच्या तबेल्यातली शेवटची मांजरी

एकलहऱ्याच्या रस्त्याला माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागूनच सलिमाचा तबेला. मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पिठाच्या डब्यावर पंजे उमटलेले दिसले की डोकंच फिरतं माझं. पण सलिमा आवडते. आता काय करणार!

सलिमा आणि तिचा नवरा जमीलभाई लग्नाच्या वरातीला घोड्या देतात. जमीलभाई फेटा बांधून लगाम धरतो आणि मिरवतो. चारा, पाणी, खरारा, लीद उचलणं, सगळं सलिमाच्या अंगावर. मागे हरभऱ्याच्या पोत्यांना उंदीर लागले, उंदरांच्या मागं साप आला आणि एका सकाळी त्यांची शबनम घोडी तबेल्यात मरून पडलेली दिसली. सलिमा त्या दिवशी ओक्साबोक्शी रडली. मग तिनं रस्त्यावरच्या एका मांजरीला दूध घालायला सुरुवात केली. एकीच्या किती झाल्या ते विचारूच नका. उंदीर गेले, माझ्या गिरणीतलेही गेले, खोटं कशाला बोलू? पण पिल्लं! कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या कपाटात, कुणाच्या वाळत घातलेल्या गादीवर. अख्खी गल्ली वैतागली.

शेवटी सगळ्यांनी जागेचा मालक सहादू याला गाठलं. सहादू माणूस सरळ आहे, पण गल्लीपुढं त्याचंही काही चालेना. तो म्हणाला, "वहिनी, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. तोवर मांजरांचा बंदोबस्त करा. त्यानंतर तबेल्यात नवं पिल्लू दिसलं, तर तुम्हाला दुसरी जागा बघावी लागेल."

दुसरी जागा कुठली? आजकाल माणसाला भाड्यानं खोली मिळत नाही, घोड्यांना कोण देतं? जमीलभाई म्हणाला, "पोत्यात भरतो आणि सायखेड्याकडं सोडून येतो."

सलिमा अशी खवळली म्हणता! "जा, सोडून ये. मग साप आला की तूच झोप घोडीशेजारी!"

प्राण्यांसाठी काम करणारी दिशा नावाची एक मुलगी आहे, ती पिंजरा घेऊन आली. मांजर आत शिरलं की दार आपोआप पडतं. दवाखान्यात नसबंदी होते, खूण म्हणून कानाचं टोक जरासं कापतात आणि मांजर परत जागेवर. सलिमानं एकेक करून सगळी मांजरं नेली, आणली, हळद-दूध पाजायला निघाली तेव्हा दिशानंच तिला आवरलं. राहिली फक्त भुरी.

भुरी महाबिलंदर. दुपारी बिजली घोडीच्या पाठीवर झोपायची आणि तिच्याच दावणीपाशी खायची. पिंजरा तिथं मांडला, तर दार खाडकन पडलं आणि बिजली बिथरली. डीजेपुढं, फटाक्यांपुढं ढिम्म उभी राहणारी घोडी, तिनं पिंजऱ्याला अशी लाथ घातली की पत्राच वाकला. भुरी पसार. त्यानंतर पिंजरा दिसला तरी दोघी बिथरायच्या.

मग सलिमाला सुचलं. नव्या घोडीला बँडची सवय लावायची असली की ते लोक दाणा देताना पत्र्याचा डबा बडवतात. आवाज आला म्हणजे खायला मिळणार, हे घोडीच्या डोक्यात बसतं. सलिमानं डब्याऐवजी पिंजऱ्याचं दार घेतलं. दोन्ही वेळा बिजलीला हरभऱ्याची चंदी द्यायची, भुरीला मासळीची डोकी टाकायची आणि दार खाड-खाड आपटायचं. माझे कान किटले.

"अगं सलिमा, गल्लीतच वरात काढलीस का?"

"सवय होईल ताई, तुम्हालापण," ती हसून म्हणाली.

झाली की! मला नाही, त्या दोघींना. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दार पडलं, बिजली चंदी चघळत राहिली आणि भुरी आत. सलिमा नाचायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात भुरीला आणायला गेलो, तर डॉक्टरांनी तिला हातच लावला नव्हता. ते म्हणाले, "हिला दूध उतरलंय. पिल्लं कुठंतरी उपाशी असतील. आत्ताच नेऊन सोडा, पिल्लं खायला लागली की हिला परत आणा."

सलिमाचा चेहरा पांढराफटक पडला.

तबेल्यापुढं पिंजरा उघडला आणि भुरी सुसाट सुटली. तबेल्यात नाही, माझ्या गिरणीत! मागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शिरली. आम्ही पोतं उचललं, तर आत तीन पिल्लं, डोळे मिटलेली, केविलवाणी ओरडणारी. भुरी आडवी झाली आणि पिल्लं तुटून पडली दुधावर.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सलिमावहिनी आहेत का इथं?"

सहादू. मागं गल्लीतली चार माणसं. पिल्लांचा आवाज लपवणार कसा? सलिमानं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "संपलं, ताई."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिले. "या सहादूभाऊ, बघा. माझी पिल्लं आहेत ही."

"तुमची? तुम्हाला तर मांजरं खपत नाहीत!"

"माझ्या गिरणीत जन्मली, मी सांभाळणार. मोठी झाली की ह्यांचीही नसबंदी मीच करून आणीन. तबेल्यात जाऊन बघा, एक पिल्लू सापडलं तर सांगा. आणि ज्याला माझ्या मांजरांचा त्रास होत असेल, त्यानं उद्यापासून दळण दुसरीकडं न्यावं!"

एकलहऱ्यापर्यंत दुसरी गिरणी नाही. सहादू तबेल्यात फिरून आला, बिजलीच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाला, "लग्नसराई सुरू होतेय, वहिनी. घोड्या सजवा."

सगळे गेल्यावर सलिमा पोत्यांवर बसली आणि रडायला लागली. मग मीही रडले, पिठाचे हात डोळ्यांना लावून. जरा वेळानं तिनं एक पिल्लू उचललं आणि माझ्या ओटीत ठेवलं.

"धरा, ताई. असं नाही, मानेखाली हात द्या."

मी मानेखाली हात दिला.