रेफरींच्या पोटातला डीजे

आमच्या समोर राहणाऱ्या रेफरींइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका एकटाही. शिवाजी पेठेतला प्रत्येक माणूस जन्मतःच कुठल्या तरी तालमीच्या फुटबॉल संघाचा असतो. हे एकटेच कुणाचे नव्हते. उमेदीची वर्षं त्यांनी मैदानात शिट्टी फुंकण्यात घालवली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्याच शांतपणे खाल्ल्या. आपल्यावर आळ नको म्हणून पेठेत कुणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता. सामने सुटले, बायको गेली, डोक्यावरचे केस गेले, नेम मात्र टिकला. आमच्या हिनं कप पुढे केला की हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "वैनी, तुमचा भाऊ गोलकीपर हाय. नको." त्या गोलकीपरला आता जिना चढताना धाप लागते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

सकाळी फिरायला जाताना ते उलटे चालायचे. चेंडूकडे पाठ करणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि चेंडू नसला तरी सवय होतीच. एकदा असेच मागे मागे जात दूधवाल्याच्या सायकलीवर आदळले. तो बिचारा घाबरून उभा, हे उठले, विजार झटकली आणि जाहीर केलं, "फाउल माझा." मी मूळचा पेठ वडगावचा. इथं राहून केस पिकले तरी ते मला ‘पावणं’च म्हणत, आणि माझ्याशी थोडंफार बोलत तेही मी बाहेरचा म्हणूनच. सख्ख्या पुतण्याला त्यांनी भर अंतिम सामन्यात लाल कार्ड दाखवलं होतं. तेव्हापासून भावाच्या घरचं बोलणं बंद झालं. "कार्ड बरोबर हुतं," एवढंच ते त्यावर म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मूतखडा नळीत अडकला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो काढला आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी काही आठवड्यांसाठी आत ठेवली. तिला डीजे स्टेंट म्हणतात. हे कळल्यावर रेफरी मला म्हणाले, "पावणं, मिरवणुकीतला डीजे बंद करा म्हणून मी जन्मभर वरडलो. आता ह्यांनी माझ्या पोटातच लावला की!" थोडी जळजळ होईल, कळ येईल, पाणी भरपूर प्या, आणि थंडी वाजून ताप आला तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रेफरींनी त्यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं. हैदराबादला असणारी त्यांची मुलगी ऑपरेशनला आली होती, ती रजा संपल्यावर गेली.

मग दुखायला लागलं. लघवीला बसलं की कंबरेच्या डाव्या बाजूला अशी कळ उठायची, की भिंत धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "चालायचंच. डॉक्टर बोलल्यात." पाणी प्यालं की सारखं जावं लागतं, आणि गेलं की आग होते, म्हणून त्यांनी पाणीच तोडलं. एका रणरणत्या दुपारी त्यांचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून मी डोकावलो. अंगात स्वेटर घालून बसले होते. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मला हातानं थांबवून त्यांनी स्वेटर काढला, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "ठणठणीत हाय की! तू जेवलीस न्हवं?" फोन ठेवला आणि दात वाजायला लागले. स्वेटरच्या बाहीत हात जाईना. मी घालायला गेलो, तर अंग तव्यासारखं तापलेलं.

"ताप कधीपासून आहे?"

"परवापासनं."

"आणि सांगितलं नाही?"

"कुणाला सांगायचं?" ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. खरंच कुणाला, असा त्यांना प्रश्न पडला होता.

रिक्षा प्रत्येक गतिरोधकावर उडाली की ते माझं मनगट आवळायचे. लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. आणखी उशीर झाला असता तर रक्तात पसरला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि चांगले रागावले. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मुलगी धावत आली. "हैदराबादला चला," तिनं धोशा लावला.

"तिथं मला कोण वळखतंय?"

"आणि इथं कोण बोलतंय तुमच्याशी, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शेजारच्या खाटेवर हातकणंगल्याचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचं सगळं घर वॉर्डात जेवणखाण घेऊन यायचं. त्यांच्या सुनेनं एकदा न विचारताच रेफरींपुढे चहा धरला. रेफरी म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "फुटबॉल बघताय काय?"

"न्हाय बा. मी म्हसरं बघतो."

"मग द्या!"

कप रिकामा करून त्यांनी आणखी अर्धा मागून घेतला. पुढचे दिवस दोघं म्हशींवर, कळांवर आणि नर्सबाईंच्या ओरडण्यावर तासन् तास बोलत बसायचे. माणूस इतका बोलतो, हे मला तिथं कळलं.

ताप उतरला. काही आठवड्यांनी नळी काढायला त्यांना घेऊन मीच गेलो. काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "झालं. आता यायची गरज नाही." एवढं दुखणं गेलं तरी रेफरींचा चेहरा उतरला. "तरी एकदा तपासायला यिऊ की?" "त्रास झाला तर या," डॉक्टर म्हणाले. निघताना रेफरींनी वॉर्डात डोकावून पाहिलं. हातकणंगल्याच्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं होतं.

घरी पोचलो. त्यांनी कुलूप काढलं. मी वळलो, तर मागून आवाज आला, "पावणं, घाईत हाय काय?"

"नाही."

"मग बसा की जरा."

खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसले. कुठूनशी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तीही थांबली. हळूहळू अंधारून आलं, तरी दिवा लावायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही.