द्वारकाबाईंची गाय तीच होती

भुताखेतांवर मी कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. नोकरी गुरांच्या दवाखान्यात झाली. हाताला लागेल तेवढंच खरं मानलं. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर हसू दे... मला लिहायचंच आहे.

तरुणपणी माझी नेमणूक पाथर्डी तालुक्यात, तिसगावकडे होती. विमा उतरवलेल्या गाईच्या कानात ओळखीसाठी नंबराचा बिल्ला मारायचं काम माझं. द्वारकाबाईंच्या काळ्या गाईला मीच बिल्ला मारला होता. पुढे ती गाय मेली. पंचनाम्याला गेलो, तर दोन्ही कान धड! ना बिल्ला, ना भोक, ना व्रण.

"बिल्ला काट्याच्या कुपाटीत आडकून तुटला डाक्टर, कान फाटला हुता," द्वारकाबाई म्हणाल्या. "मग आपसूक भरून आला."

"बाई, फाटलेला कान असा भरत नसतो. हे दुसरंच जनावर आहे."

"माझी गाय मला कळंना, आन तुमाला कळती व्हय?"

मी अहवालात 'जनावर वेगळं' असं लिहिलं. विमा नामंजूर झाला. पण त्याहून वाईट म्हणजे, डेअरीवर त्या दूध घालायला गेल्या की लोक विचारायचे, "काय द्वारकाआक्का, आज कोन्त्या गाईचं?" बाई लबाड ठरली ती कायमची.

त्या गाईच्या मागे एक कालवड होती. जन्मताना ती अडली होती, मीच हात घालून बाहेर काढली होती. कपाळावर पांढरा चांद. पुढे तिलाही मीच बिल्ला मारला आणि तोही तुटला, कान फाटला. मलमपट्टीला जात राहिलो, आणि... जखमेच्या कडा आत सरकत आल्या. आधी मऊ मांस, मग बोटांना आतली कूर्चा लागायला लागली, शेवटी वर काळे केस. व्रण शोधून सापडेना.

द्वारकाबाई शेजारीच उभ्या होत्या. "आता लिवा की," एवढंच म्हणाल्या.

मी लिहिलं नाही. माझाच अहवाल चुकीचा ठरला असता. बदली मागितली आणि निघून गेलो.

आता मी केडगावला असतो. नात पुण्यात पेशींवर संशोधन करते. परवा ती आली तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"सशाच्या, काही उंदरांच्या कानाचं भोक असं भरतं, आजोबा," ती म्हणाली. "जखमेच्या कडेला नव्या पेशी जमतात. कोणी कूर्चा व्हायचं, कोणी कातडी, ते काही प्रथिनं ठरवतात. पण गाईच्या जखमेवर व्रणच येतो. तुम्ही दुसरीच कालवड पाहिली असेल."

मीही त्या बाईला असंच सुनावलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिसगाव गाठलं. डेअरीवर कॅन घेऊन रांग लागली होती. तिथे उभा राहून म्हणालो, "द्वारकाबाईंची गाय तीच होती. माझा अहवाल चुकला. कालवडीचा कान भरताना मी स्वतः पाहिला, तरी गप्प बसलो."

"डाक्टरला येड लागलं!" कोणीतरी हसलं.

तपासायला आता काही उरलेलं नाही. ती कालवडही नाही, तिची पैदासही नाही. कान कसा भरला, मला आजही सांगता येत नाही.

रांगेतून द्वारकाबाई पुढे आल्या. पार वाकल्या आहेत.

"लई उशीर केला, डाक्टर," म्हणाल्या. "पन आता परत येकदा सांगा. मागच्यांला ऐकू न्हाई गेलं."

मी परत सांगितलं. मोठ्यानं.