सत्तेचाळिसावा ठोसा

माझ्या मामाने तीस वर्षं लोकांना बदडलं आणि एकालाही हात लावला नाही. सिनेमातल्या मारामारीचे आवाज काढणं हा त्याचा धंदा. ठोसा नायकाचा, दणका मामाचा. स्टुडिओत सगळे त्याला ठोसेमामा म्हणत. मी सख्खा भाचा, त्यामुळे मला नुसतं मामा म्हणायची सवलत होती.

त्याची कामाची खोली बघून नवा माणूस दारातूनच परत फिरायचा. टेबलावर मांसाचा मोठा तुकडा, कोपऱ्यात ओल्या चिंध्या कोंबलेलं चामड्याचं जाकीट, कोबीचे गड्डे, सुक्या काटक्यांची मोळी. समोर पडदा. नायकाने हात उगारला की मामा मुठीने मांसावर दणका घालायचा. पोटात सुरा जायचा तो कोबीच्या गड्ड्यात. बरगडी मोडायची तर जाकिटाखाली काटक्या मोडायच्या. संध्याकाळपर्यंत त्याची बोटं सुजून गाजराएवढी व्हायची. मामी लवकर गेली. त्यामुळे ताई, म्हणजे मामाची एकुलती एक लेक, शाळा सुटली की त्याच खोलीत स्टुलावर बसायची. बापाने मांस बडवायचं आणि लेकीने पाढे म्हणायचे, असा तो संसार चालला.

सत्तरच्या दशकात एकेका सिनेमात सात-सात नट यायला लागले आणि मामाचे दिवस पालटले. खरं सांगायचं तर ते सिनेमे म्हणजे निव्वळ थापा. सात नायक म्हटल्यावर सातांच्या सात आया, सात सूड, आणि कथेला उभं राहायलाही जागा नाही. खलनायकाने सगळ्यांना खांबाला बांधायचं आणि गोळी घालायची सोडून आपला बेत सविस्तर समजावून सांगायचा. गाडी दरीत पडायच्या आधीच पेटायची. खांद्यात गोळी घुसलेला माणूस पुढच्याच मिनिटाला भिंतीवरून उडी मारायचा. तरीही मी त्यातला सगळ्यात मोठा सिनेमा अकरा वेळा पाहिला, आणि आजही लावलात तर बसेन. तिथे वाईट माणूस बघताक्षणी ओळखू यायचा आणि तीन तासांच्या आत त्याचं थोबाड फुटायचं. आपल्या आयुष्यात नळ दुरुस्त करायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

त्या सिनेमाच्या शेवटी गोदामातली मारामारी होती. एकोणीस दिवस मामा तिचे ठोसे लावत होता. त्यातही मानापमान. मोठ्या नटाचा ठोसा मोठा वाजला पाहिजे म्हणून त्याला मांस आणि जाकीट दोन्ही, मधल्यांना नुसतं जाकीट, आणि सगळ्यात धाकट्या बिचाऱ्याच्या वाट्याला उशी. सत्तेचाळिसाव्या ठोशाला खलनायक खाली वाकतो आणि मोठ्या नटाचा हात हवेत जातो. नटाची माणसं मामाच्या मानगुटीवर बसली, की साहेबांचा ठोसा मुका कसा राहील? मामा हटून बसला.

"लागलाच नाही, तर वाजेल कसा?"

शेवटी ती जागा मुकीच राहिली. मामाला साऱ्या कामात त्या मुक्या जागेचाच जास्त अभिमान होता. मला दर वेळी कोपराने ढोसून दाखवायचा. एकदा मी विचारलं, खरा ठोसा कसा वाजतो? तो हसला. "खऱ्याला कसला आवाज रे? गादीवर ओला टॉवेल पडल्यासारखं होतं, बस. तसं लावलं तर लोक खुर्च्या फेकतील."

ताईचं लग्न झालं ते विम्याच्या कचेरीतल्या साहेबाशी. आवाज मऊ, बूट चकचकीत, बोलताना आधी "बाबा" आणि मग वाक्य. असा जावई शोधून सापडणार नाही, असं आम्ही सगळेच म्हणालो. लग्नात मामाने हौसेने व्हीसीआर दिला आणि त्या सिनेमाची कॅसेट. जावई दर रविवारी दुपारी ती कॅसेट लावायचा, आवाज पूर्ण मोठा. खालच्या मजल्यावरच्या काकू मामाला म्हणाल्या, "तुमचे जावई तुमचे भक्तच हो, एक रविवार चुकत नाही." मामा आठवडाभर फुगून फिरत होता.

मग ताईच्या मनगटावर काळंनिळं दिसलं. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली. पुढच्या खेपेला कपाळावर टेंगूळ. ते कपाटाचं दार होतं. ताई एकच गोष्ट दोनदा विचारायला लागली तेव्हा मामा चेष्टेने म्हणाला, "बहिरी झालीस की काय गं?" तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून त्याने काकूंना गाठलं. भांडणं होतात का वर? "छे हो! भांड्याला भांडं लागल्याचासुद्धा आवाज नाही." आमचा जीव भांड्यात पडला. खऱ्या माराला आवाज नसतो हे जगात ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याचासुद्धा.

त्या रविवारी आम्ही दोघं न कळवता तिकडे गेलो. गोदाम सुरू व्हायच्या बेतात होतं. जावयाने हसून खुर्च्या पुढे केल्या. "बसा बाबा, तुमचीच मारामारी." आवाज आणखी वाढवला आणि चहाचं बघतो म्हणून आत गेला. स्वयंपाकघराचं दार लोटलं. मी शिट्ट्या मारत होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. खलनायक वाकला, मोठ्या नटाचा हात हवेत गेला, आणि मामाने मला ढोसायला कोपर उचललं.

तेवढ्यात वाजलं. बारीक, बोथट. गादीवर ओला टॉवेल पडावा तसं.

मामाचं कोपर तसंच राहिलं. तो उठला आणि त्याने टीव्ही बंद केला. त्या शांततेत पुढचा फटका आम्हाला दोघांनाही स्वच्छ ऐकू आला.

मामाने दार उघडलं. ताई ओट्याला चिकटून खाली बसली होती, तोंडात पदर कोंबलेला. जावयाच्या हातात तिचे केस होते. "बाबा, अहो, तिनेच—" एवढंच तो म्हणाला. मामाने जन्मात पहिल्यांदा माणसाला ठोसा मारला. काही वाजलं नाही. जावयाचे दोन दात फरशीवर पडले. त्यांचा मात्र आवाज आला.

"ऊठ," मामा म्हणाला. कालपर्यंत त्याला अहो-जाहो होतं. "ऊठ तू."

तो उठला नाही, तरी मामा मारत राहिला. नाक मोडलं. ओठ फाटून लोंबला. मामाची बोटं मोडली, तशाच मोडक्या मुठीने तो मारत होता. मी त्याला आवरलं असं खोटं सांगणार नाही. मला ते हवं होतं. सिनेमात अशा वेळी वाद्यं वाजतात. इथे एक माणूस रक्त-शेंबूड गाळत रांगत होता आणि त्याने पँट ओली केली होती. शेवटी ताईनेच मामाचा हात धरला. "पुरे, बाबा." मामा मोरीत जाऊन भडाभडा ओकला.

जिन्यात काकू आणि आणखी चार जण जमले होते. आम्हाला काहीच कळलं नाही हो, म्हणत होते. ताईच्या हातात एक पिशवी होती. दोन पायऱ्या उतरून मामा थांबला.

"कधीपासून?"

ताईने मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. त्याने पुन्हा विचारलं.

"लग्नापासून," ती म्हणाली. "आधी तोंडावर उशी दाबायचे. मग म्हणाले, आता उशी नको. तुझ्या बाबांनी सोय करून दिली आहे."

मामा त्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्यानंतर स्टुडिओतल्या त्या कामाच्या खोलीत तो कधी गेला नाही. बोटं वाकडीच जुळली. डॉक्टरांनी सांगितलं, ताईचा डावा कान कायमचा गेला. आता दोघं एकत्र जेवतात, तेव्हा मामा आधी ताईला बसू देतो आणि मग तिच्या उजव्या हाताला पाट मांडतो.